उलाळ आणि धुरजड : टॅक्सी कुणासाठी घडते?



समीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं, नाटक येतं, फार तर सिनेमा येतो. आज आम्ही समीक्षेला घेतली आहे ती टॅक्सी. माणसानं एखादी वस्तू घडवली, की ती घडवताना कुणाचा विचार केला आणि कुणाचा राहून गेला, हे त्या वस्तूच्या अंगावर उमटतं. ते वाचता येतं. आणि मलकापुरात ते वाचायला लांब जायला नको. ढेबेवाडी फाट्यावर अर्धा तास उभं राहिलं की पुरे.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायला लागू नये. आपल्या भागात टॅक्सी म्हणून जे जे धावलं, त्यातलं जवळजवळ सगळं मुळात दुसऱ्याच कामासाठी घडलेलं होतं. काही मालासाठी, काही फौजेसाठी, काही एका सुखवस्तू कुटुंबासाठी. भाडं देणारा प्रवासी नंतर आला आणि उरलेल्या जागेत बसला. असं का झालं, आणि आता तरी ते बदलता येईल का, एवढाच आजचा प्रश्न.

आधी हे ठरवू की घरची गाडी आणि टॅक्सी यांत नेमका फरक कुठं पडतो. घरच्या गाडीत तीच चार माणसं रोज बसतात, त्यांना गाडीची सवय होते. टॅक्सीत दर पंधरा मिनिटांनी नवा माणूस चढतो. तो म्हातारा असेल, पोटुशी बाई असेल, हातात पिशव्या असतील, पायाला प्लास्टर असेल. त्याला त्या गाडीचं दार कसं उघडतं हेही ठाऊक नसतं. दुसरं, चालक दिवसाचे दहा-बारा तास त्याच जागेवर बसतो. तिसरं, गाडीला सारखं वळावं लागतं, गल्लीत, स्टँडवर, दवाखान्याच्या दारात. आणि चौथं, अंतराचा हिशेब दोन अनोळखी माणसांना पटेल असा मांडावा लागतो. चढणं, बसणं, वळणं आणि मोजणं. टॅक्सीची परीक्षा या चार गोष्टींत घ्यायची. रंग, वेग, इंजिनाची ताकद हे सगळं त्याच्या नंतर.

या परीक्षेला आपण पहिल्यांदा टांगा बसवू. सांगली-मिरजेकडच्या जुन्या माणसांना स्टेशनबाहेरचे टांगे आठवत असतील. टांगा हे खास भाड्यानं माणसं नेण्यासाठी घडलेलं वाहन. दोन चाकं, मधे एक आस, पुढं टांगेवाला आणि त्याच्या शेजारी एखादा उतारू, मागं पाठीला पाठ लावून बसलेले दोघं. ही पाठीला पाठ लावण्याची रीत शोभेसाठी नव्हती. दोनचाकी गाडीत वजन आसाच्या पुढं जास्त झालं तर ते सगळं घोड्याच्या अंगावर येतं. मागं जास्त झालं तर दांड्या वर उचलल्या जातात आणि घोडा अधांतरी होऊ पाहतो. आपल्या भाषेत याला नेमके शब्द आहेत. पुढं जड ती गाडी धुरजड, मागं जड ती उलाळ. शेतकरी बैलगाडी भरताना आजही हेच बघतो. टांगेवाला भाडं घेताना माणसाकडं नुसती नजर टाकून कुणी पुढं बसायचं, कुणी मागं, हे ठरवत असे. म्हणजे उतारू हा त्या यंत्राचाच एक भाग होता. त्याचं वजन धरल्याशिवाय गाडी पुरी होत नव्हती. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

आता जरा लांब जाऊ, लंडनला. कारण खास टॅक्सी म्हणून गाडी घडवायची परंपरा तिथं सगळ्यांत जुनी आणि सलग आहे. १८३४ मध्ये जोसेफ हॅन्सम नावाच्या एका वास्तुविशारदानं दोनचाकी भाड्याच्या गाडीचं पेटंट घेतलं. गाडी जमिनीलगत ठेवायची, म्हणजे कोपऱ्यावर ती कलंडणार नाही, हा त्यामागचा मुख्य विचार. पुढं जॉन चॅपमन यांनी तिच्यात मोठा बदल केला आणि गाडीवानाची बैठक पार मागं, छताच्या उंचीवर नेली. आता बघा, पुढं दोन उतारू, मागं गाडीवान, मधे आस. पुन्हा तोच आपल्या टांग्याचा तोल. उतारूंना समोर मोकळा रस्ता दिसायचा आणि गाडीवानाशी बोलायचं झालं तर छताला झरोका होता. हेच चॅपमन पुढं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, म्हणजे आपल्या जीआयपीचे, एक मूळ प्रवर्तक झाले. हॅन्सम कॅबची घडण सुधारणारा माणूस आणि मुंबईला रेल्वे आणण्यासाठी धडपडणारा माणूस एकच, हे आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही.

मग यंत्र आलं. पण टॅक्सीच्या जन्मातलं पहिलं महत्त्वाचं यंत्र इंजिन नव्हतं. ते होतं मीटर. ‘टॅक्सी’ हा शब्दच ‘टॅक्सीमीटर’वरून आलाय, मीटर ‘टॅक्सी’वरून नाही. १८९१ मध्ये विल्हेल्म ब्रून या जर्मन माणसानं हे यंत्र सिद्ध केलं असं मानलं जातं. त्याची करामत साधी आणि हुशार आहे. चाकाच्या फिरण्याला जोडलेली एक तार आत दातेरी चक्रं फिरवते आणि अंतर मोजते. सोबत घड्याळाचं यंत्र असतं. गाडी चालत असेल तर भाडं अंतरानं वाढतं, गाडी थांबली किंवा अगदी रेंगाळली की घड्याळ पुढं सरसावतं आणि भाडं वेळेनं वाढतं. घासाघीस नको, शंका नको. १८९७ मध्ये श्टुटगार्टला डाइमलर कंपनीची मोटार मीटर लावून भाड्यानं धावू लागली. मोटार-टॅक्सीचा आरंभ साधारणपणे तिथून धरतात. त्याच वर्षी लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी यांच्या विजेच्या कॅब आल्या. बॅटरीवर चालणाऱ्या. त्यांचा रंग काळा-पिवळा होता आणि त्यांच्या गुणगुणण्यावरून लोक त्यांना गुंजारव करणाऱ्या चिमण्या पाखरांचं नाव देत. दोन-एक वर्षांत त्या बंद पडल्या, कारण बॅटरी जड, टायर झिजायचे, बिघाड फार. आज विजेच्या रिक्षेला आपण नवलाई समजतो, पण भाड्याच्या मोटारीचं पाऊल पडलं तेव्हा वीज शर्यतीत होतीच.

लंडनची खरी गोष्ट मात्र १९०६ ला घडली. तिथं भाड्याच्या मोटारीसाठी नियमावली ठरवली गेली. तिचा सगळ्यांत प्रसिद्ध नियम असा की कॅब २५ फूट व्यासाच्या वर्तुळात पूर्ण वळली पाहिजे. म्हणजे अरुंद रस्त्यावर मागं-पुढं न करता गाडी फिरली पाहिजे. हा नियम कारखान्याला न परवडणारा होता, साध्या मोटारीला न जमणारा होता. म्हणून तर खास कॅब घडवावी लागली. पुढच्या चाकांचा कोन जास्त वळावा म्हणून सगळी पुढची बांधणी वेगळी करावी लागली. १९४८ ची ऑस्टिन एफएक्स-थ्री बघा. चालकाशेजारी माणसाला जागाच नाही, तिथं सामान ठेवायचं. मागं बाक, समोर घडी होणाऱ्या खुर्च्या, मधे काच. १९५८ ची एफएक्स-फोर तर जवळजवळ चाळीस वर्षं तयार होत राहिली. १९८९ पासून तिथं नव्या कॅबमध्ये चाकाची खुर्ची आत गेलीच पाहिजे असं ठरलं, आणि पुन्हा गाडीचं दार, तळ, उतरंड बदलली.

इथं एक क्रम ध्यानात घ्या. आधी नियम, मग गाडी. कुणीतरी आधी प्रवाशाचं शरीर, रस्त्याची रुंदी आणि चालकाची गरज यांचं माप काढलं. कारखान्यानं ते माप पाळलं. आता यात सगळं गोड होतं असं आम्ही म्हणत नाही. अशी गाडी महाग पडते, थोड्याच संख्येनं बनते, आणि तिचा हप्ता चालकाच्या मानेवर बसतो. अमेरिकेत कॅलमाझू गावच्या चेकर कंपनीनं अशाच दणकट, ऐसपैस टॅक्सी बांधल्या, न्यूयॉर्कचं रूपच त्या गाडीनं ठरवलं. पण १९८२ मध्ये शेवटची चेकर बाहेर पडली आणि कारखान्यानं मोटारी बांधणं थांबवलं. स्वस्त, साध्या घरगुती मोटारींशी ती टिकू शकली नाही. म्हणजे प्रवाशासाठी घडलेली गाडी बाजारावर सोडून दिली तर हरते. ती टिकते ती मागं नियम उभा असला तरच.

आता मुंबईला येऊ. काळी-पिवळी म्हटलं की प्रीमियर पद्मिनी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी उभी केली. सोलापूरचा हा माणूस. सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचं नाव लावतं, तेव्हा आपल्याला ते परके नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्यांची जुळणी, मग इटलीच्या फियाटशी करार. गोल नाकाच्या फियाटला तर लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, आणि तीच पुढं १९७४ मध्ये पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. आठवणी, गाणी, पावसातलं मुंबई शहर.

त्या आठवणींना आम्ही नावं ठेवत नाही. पण समीक्षक म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पद्मिनी टॅक्सी म्हणून घडलेली नव्हती. ती इटलीतल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी. टॅक्सी म्हणून तिच्यात जे चांगलं होतं ते योगायोगानं चांगलं होतं. गिअरची दांडी जमिनीवर नव्हती, स्टिअरिंगच्या खांबाला होती. त्यामुळं पुढं सलग बाक मिळालं आणि चालकाशेजारी माणूस ऐसपैस बसू लागला. यंत्र साधं, म्हणून कुठल्याही गल्लीतला मिस्त्री ते उघडू शकायचा. टॅक्सीवाल्याला हे वरदान होतं. पण मागच्या डिकीत सीएनजीची टाकी बसली तेव्हा काय झालं? सामानाची जागा गेली. सामान छतावरच्या कॅरिअरवर चढलं. गाव सोडून आलेल्या माणसाची ट्रंक, गादी, गाठोडं सगळं डोक्याच्या वर. खास टॅक्सी म्हणून गाडी घडली असती तर इंधनाची टाकी आणि उतारूचं सामान यांचं भांडण कागदावरच मिटवावं लागलं असतं. इथं ते रस्त्यावर, दोरीनं मिटवलं.

मग आपल्याकडं खास भाड्यासाठी घडलेलं वाहन नाहीच का? आहे. ऑटोरिक्षा. आणि तिचा उगम पाहिला की आमचा मुद्दा उघडा पडतो. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर पियाजिओ कंपनीनं व्हेस्पा स्कूटर काढली. तिचे रचनाकार कोराडिनो दास्कानियो हे मुळात हेलिकॉप्टरचे अभियंते. १९४८ मध्ये त्यांनीच व्हेस्पाच्या पुढच्या भागाला मागं दोन चाकं आणि मालाची पेटी जोडली. नाव ‘आपे’, म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. पडक्या शहरांत भाजी, दूध, विटा न्यायला स्वस्त गाडी. माणसानं ओढायच्या रिक्षेच्या जागी इंजिन आणायचं, हा विचार आपल्याकडं नवलमल फिरोदिया यांनी पुण्यातून लावून धरला. १९५९ मध्ये बजाज कंपनीला स्कूटर आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला. आणि मालाच्या पेटीच्या जागी बाक आलं.

या गाडीला परीक्षेला बसवलं तर गुण काय पडतील? वळण्यात पहिला नंबर. ऑटोरिक्षा सुमारे तीन मीटर त्रिज्येत फिरते, म्हणजे लंडनच्या नियमापेक्षाही कमी जागेत. चढण्यातही चांगले गुण. तळ खाली, बाजू मोकळी, दाराचा खटका शोधायला नको, नऊवारीतली आजीसुद्धा वाकून आत शिरते. मोजण्यात, मीटर चालू असेल तर, उत्तम. पण बसण्यात? चालकाला स्कूटरचं हँडल आणि डाव्या मुठीत फिरवायचा गिअर मिळाला, जो दोन चाकांवर एकट्या माणसाला पंधरा मिनिटं चालवायला काढला होता. तोच दहा तास फिरवायचा. आधीच्या रिक्षेत इंजिन चालकाच्या बुडाखाली होतं, त्याचा ताप आणि थरथर त्याच्या अंगात जायची. १९७७ मध्ये बजाजनं इंजिन मागं नेलं. चालकाला थोडा आराम मिळाला, आवाज उतारूच्या पाठीशी गेला.

आणि इथं टांग्याचे ते शब्द परत येतात. इंजिन मागं, उतारू मागं, सामान त्याहून मागं. तिघांच्या जागी सहा बसले की रिक्षा उलाळ होते. चढावर पुढचं एकुलतं चाक हलकं पडतं, हँडल हातात असूनही नसल्यासारखं वाटतं. टांगेवाल्यानं अशा वेळी एकाला पुढं बोलावलं असतं. रिक्षावालाही बोलावतो, आपल्या सीटवर अर्धा सरकून. तोल साधायची ती जुनीच युक्ती, पण गाडीच्या रचनेत तिला जागा नाही, म्हणून ती चालकाच्या अर्ध्या मांडीवर होते. आम्हाला हे रिक्षावाल्याचं बेशिस्त वागणं एवढंच दिसत नाही. गाडीनं जे करायला हवं होतं ते माणूस करतोय, असंही ते दिसतं.

आता ढेबेवाडी फाट्यावर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या कराड-सातारा-सांगली-कोल्हापूर भागात ‘वडाप’ म्हणून एक शब्द आहे. माणसं भरली की निघणारी, वाटेत हात दाखवेल त्याला घेणारी खाजगी गाडी ती वडाप. कधी जीप, कधी ट्रॅक्स, कधी सहा सीटर, कधी मॅजिक. यातल्या प्रत्येकीचं घराणं तपासा. जीप ही दुसऱ्या महायुद्धातली फौजेची गाडी, खड्ड्यांतून टेहळणी करायला घडलेली. ‘टेम्पो’ हा शब्द आपण इतका मराठी केला की त्याचं मूळ विसरलो. हांबुर्गच्या कारखान्याची टेम्पो हॅन्सिएट ही तीनचाकी मालगाडी. फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढून ती इथं आणली. पुढच्या एकाच चाकाजवळ इंजिन, मागं माल. तिच्यात समोरासमोर फळ्या टाकून माणसं बसवली ती आपण. त्याच घरातली पुढची ट्रॅक्स. आणि मॅजिक? २००५ मध्ये टाटांचा छोटा हत्ती आला, ‘एस’, ऊस-भाजी-सिमेंट न्यायला. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच सांगाड्यावर छत आणि बाकं चढवून मॅजिक. म्हणजे आपेपासून मॅजिकपर्यंत साठ वर्षांत पद्धत तीच राहिली. आधी मालाची गाडी घडवायची, ती खपली की तिच्यावर माणसं बसवायची.

आता कुणी म्हणेल, त्यात वाईट काय? गाडी स्वस्त मिळाली, गावोगाव पोहोचली, एसटी जिथं दिवसातून दोनदा यायची तिथं दर वीस मिनिटांनी सोय झाली. हे खरं आहे, आणि आम्ही ते नाकारत नाही. वडाप नसती तर वांग खोऱ्यातल्या किती पोरींचं कॉलेज बारावीला संपलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. गावच्या फॅब्रिकेशनवाल्यानं या गाड्यांवर जे काम केलं तेही कमी लेखू नका. मागच्या दाराला पायरी, धरायला नळी, छताला कॅरिअर, पावसाला ताडपत्री, मधल्या बाकाला बिजागरी. हे सगळे खरे टॅक्सी-रचनाकार. लंडनच्या नियमावलीनं जे कागदावर केलं, ते यांनी वेल्डिंगच्या ठिणग्यांत केलं. फरक एवढाच की त्यांच्या कामाचं माप कुणी घेतलं नाही, कुणी तपासलं नाही, आणि चांगली युक्ती एका गावाहून दुसऱ्या गावी गेलीच तर योगायोगानं गेली.

का घेतलं नाही माप? आमच्या मते उत्तर कायद्याच्या शब्दांत आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा प्रवासी गाड्यांचे दोन भाग करतो. एक टप्पा वाहतूक, म्हणजे एसटीसारखी, थांब्याथांब्यावर वेगळं भाडं घेऊन माणसं चढवणारी-उतरवणारी. दुसरी कंत्राटी, म्हणजे ठरलेल्या माणसांना इथून तिथं नेणारी, वाटेत भलती माणसं न घेणारी. टॅक्सी दुसऱ्या खणात. वडाप परवान्यानं दुसऱ्या खणात असते आणि कामानं पहिल्या. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी सुरू झाली तेव्हापासून पहिला खण मुख्यतः एसटीचा. त्यामुळं वडाप हे असं वाहन झालं की जे सगळ्यांना दिसतं, सगळ्यांना लागतं, आणि कागदावर मात्र नाही. जे कागदावर नाही त्याच्या पायरीची उंची कोण ठरवणार?

हे आणखी जवळून बघा. बसच्या सांगाड्यासाठी देशात वेगळी संहिता आहे. तीत दार, पायरी, आतली वाट, संकटकाळचं दार यांची मापं आहेत. पण ती लागू होते चालक सोडून १३ किंवा त्याहून जास्त प्रवाशांच्या गाडीला. आणि कायद्यातली ‘मॅक्सीकॅब’ म्हणजे सहाहून जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणारी. वडाप कागदावर नेमकी या बाराच्या आत बसते. प्रत्यक्षात किती बसतात ते तुम्ही सांगा. म्हणजे बसची मापं तिला लागत नाहीत आणि बसची गर्दी मात्र लागते. कायदा डोकी मोजतो. गुडघे मोजत नाही.

याचा कळस २०२१ च्या नोव्हेंबरात झाला. एसटी कर्मचाऱ्यांचा संप लांबला, तेव्हा सरकारनं अधिसूचना काढून खाजगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस, आणि त्यांच्या जोडीला मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. अडचणीचा काळ होता, लोकांची सोय करणं भागच होतं. पण समीक्षेच्या नजरेनं त्या कागदाकडं बघा. साठ-सत्तर वर्षं जे आपण न बोलता करत आलो, मालाच्या गाडीत माणसं, ते त्या दिवशी सरकारी भाषेत लिहिलं गेलं. आणि कुणाला फारसं खटकलं नाही. सवय झाली होती.

हे खटकायला हवं ते का, ते मलकापूरकरांना वेगळं सांगायला नको. आपल्या गावात कृष्णा हॉस्पिटल आहे. ढेबेवाडीच्या बाजूनं, उंडाळ्याच्या बाजूनं, पाटणकडून रोज माणसं उपचाराला येतात. त्यातली सगळी रुग्णवाहिकेतून येत नाहीत. बहुतेक येतात वडापनं आणि रिक्षानं. म्हणजे या भागात सगळ्यांत जास्त आजारी, सगळ्यांत जास्त म्हाताऱ्या, सगळ्यांत जास्त अवघडलेल्या बायका ज्या गाडीत चढतात, ती गाडी सैनिकानं उडी मारून चढायची किंवा हमालानं पोतं टाकायची म्हणून घडलेली आहे. मालाच्या गाडीचा तळ मुद्दाम उंच ठेवतात, खाली स्प्रिंगा आणि आस यांना जागा हवी म्हणून, आणि स्प्रिंगा कडक ठेवतात, टनाचा भार पेलायचा म्हणून. पोत्याला धक्क्याचं काही वाटत नाही. टाके घातलेल्या पोटाला वाटतं. आडव्या बाकावर, रस्त्याकडं बाजू करून बसलेल्या माणसाला ब्रेक लागला की धरायला काही नसतं. शेजारच्याचा खांदा असतो.

आता संधी आली आहे असं आम्हाला वाटतं. तीनचाकी आणि छोट्या चारचाकी गाड्या विजेवर जाऊ लागल्या आहेत. इंजिन गेलं की मागचं धूड जातं, धुराचं नळकांडं जातं, थरथर जाते. बॅटरी तळाशी पसरता येते. वजन खाली येतं, मधे येतं. उलाळ नाही, धुरजड नाही. टांग्यानंतर पहिल्यांदाच आपल्याला उतारूचं वजन धरून तोल मांडता येईल अशी यंत्ररचना हाती येते आहे. पण बॅटरी तळाशी घालताना तळ उंच करायचा की खाली ठेवायचा, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसं ठरवतात. आणि या वेळीही मालाची गाडी आधी निघाली आणि तिच्यावर बाकं चढली, तर पुढची साठ वर्षं पुन्हा तशीच जातील.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वडापवाला म्हणेल, तुम्ही व्याख्यान देता, हप्ता आम्ही भरतो. चार माणसं कमी बसली तर डिझेल निघत नाही. लंडनची कॅब ढेबेवाडी फाट्यावर चालवून दाखवा. आमचं उत्तर असं की लंडनची कॅब इथं नकोच आहे. ती इथं आणणं म्हणजे फियाटचीच गोष्ट परत करणं, दुसऱ्याच्या गरजेची गाडी उचलून आणणं. आपल्याला लंडनकडून गाडी घ्यायची नाही, क्रम घ्यायचा आहे. आधी माप, मग गाडी. आपलं माप वेगळंच असेल. आपली टॅक्सी एकट्या साहेबाची नसून दहा जणांची असेल, वाटेत थांबणारी असेल, छतावर नाही तर आत सामान घेणारी असेल. तिची पहिली पायरी गुडघ्याच्या खाली असेल, प्रत्येक बाकाला धरायला दांडी असेल, सगळी बाकं रस्त्याच्या दिशेनं असतील. आणि भाडं सगळ्यांसमोर, एका फलकावर, गावानुसार लिहिलेलं असेल. ब्रूनच्या मीटरचं काम इथं तो फलक करू शकतो. त्यासाठी वडापला आधी कायद्यात स्वतःचा खण मिळाला पाहिजे. परवाना मिळाला की नियम लावता येतो, नियम लागला की कारखाना माप ऐकतो, आणि चार माणसं जास्त कोंबण्याची गरजही कमी होते, कारण मग पकडलं जाण्याची भीती हिशेबात धरावी लागत नाही.

हे माप काढायला मोठ्या संस्थेची वाट बघायला हवी असंही नाही. सांगलीत, कराडमध्ये अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत. आपल्या गावचे फॅब्रिकेशनवाले आहेत, ज्यांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे. दहा-बारा विद्यार्थ्यांनी एक आठवडा फाट्यावर आणि दवाखान्याच्या दारात टेप घेऊन उभं राहावं. कोण चढतं, कुठला पाय आधी टाकतं, काय धरतं, सामान कुठं ठेवतं, एवढं लिहून काढावं. चालकालाही विचारावं, पाठ कुठं दुखते. १९०६ मध्ये लंडननं जे केलं त्याचा गाभा एवढाच होता. बाकीचं लोखंड आहे, ते वाकतं.

उद्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभे राहाल तेव्हा येणाऱ्या वडापकडं एकदा या नजरेनं बघा. तिचा तळ किती उंच आहे, दार कुठं आहे, आणि तुमच्या पुढच्या म्हाताऱ्याला वर चढवायला आतून हात कुणाचा येतो. तो हात येतो, हे आपल्या माणसांचं मोठेपण. पण तो हात रोज लागतो, हा त्या गाडीचा दोष आहे, आणि तो दुरुस्त करता येतो.